पाथरीवरून जाणारा रस्ता

माझ्या मोबाईलमध्ये एक जुनी नोंद आहे. कल्याणहून शिरड शहापूरला किती तासांत पोचलो, हे मी तारखेवार लिहून ठेवत असे. सुरुवातीला तेरा तास, साडेबारा तास, एकदा करंजी घाटात ट्रक आडवा झाला म्हणून साडेपंधरा. २०२३ च्या दिवाळीपासून आकडे एकदम खाली येतात. नऊ तास दहा मिनिटं. आठ पन्नास. आठ पंचवीस. आठ पंचवीसचा आकडा मी भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता आणि त्यावर सगळ्यांचे अंगठे आले होते. ती नोंद मी पुसलेली नाही. तिच्याबद्दल मला जे सांगायचं आहे ते एकदा नीट लिहून काढावं, असं वर्षभर मनात आहे.

शिरड शहापूर हे हिंगोली जिल्ह्यातलं, औंढा नागनाथ तालुक्यातलं गाव, वसमतहून औंढ्याला जाणाऱ्या रस्त्यावरचं. मल्लिनाथाच्या दिगंबर जैन मंदिरामुळे लांबलांबच्या जैन समाजाला ते माहीत आहे. बाकी आम्ही हळद, ऊस आणि सोयाबीनवाले. १९९४ साली मी नोकरीसाठी कल्याणला गेलो तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता. हिंगोली वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. या सगळ्या काळात गावी यायचा आमचा रस्ता एकच होता. आधी एसटीने, मग स्वतःच्या गाडीने. मुरबाड, माळशेज घाट, आळेफाटा, नगर, पाथर्डी, पाडळसिंगी, माजलगाव, पाथरी, मानवत, परभणी, वसमत. सरकारदरबारी तो आधी राष्ट्रीय महामार्ग २२२ होता, आता ६१ आहे. लोक त्याला कल्याण-विशाखापट्टणम म्हणतात. आमच्या घरात त्याला नावच नव्हतं. नुसता 'रस्ता'.

मग समृद्धी महामार्ग आला. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर खुला झाला, २६ मे २०२३ ला पुढे भरवीरपर्यंत. त्या दिवाळीला मी घोटीच्या बाजूने भरवीरला चढलो, जालन्याला उतरलो आणि मंठा, जिंतूर, औंढा करत दुपारी दोनला घरी. आईचं जेवणसुद्धा झालं नव्हतं. तिने आधी घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे. मला फार मोठं काही मिळवल्यासारखं वाटलं.

त्या दिवसापासून मी त्या रस्त्याचा प्रचारकच झालो. माझं म्हणणं सरळ होतं. रस्त्यात जाणारा वेळ वाया जातो. जाता-येता आठ तास वाचले, वर्षातून पाच खेपा धरल्या तर चाळीस तास, म्हणजे नोकरदाराचा जवळजवळ एक कामाचा आठवडा. हे गणित मी कचेरीत मांडलं, सासरी मांडलं, गावात पारावर मांडलं. जुन्या रस्त्याने येणाऱ्या चुलत्याला मी चारचौघांत म्हणालो होतो, "काका, डिझेल जाळून म्हातारपण कशाला वाढवून घेता?" ते काही बोलले नाहीत.

त्याच पारावर शक्तिपीठ महामार्गाची चर्चा झाली. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०० किलोमीटरची आखणी, त्यात आपला हिंगोली जिल्हाही. जिल्ह्यातल्या ज्या गावांतून तो जाणार होता तिथले शेतकरी विरोधात उभे राहिले. त्यातला एक जण माझा शाळेतला मित्र, कॅनॉलच्या पाण्यावरची पाच एकर हळदीची जमीन असलेला. मी त्याला विकासाच्या आडवं येऊ नका म्हणालो. कल्याणहून साडेआठ तासांत आलेल्या माणसाने पाच एकरवाल्याला हे सांगितलं. त्या वाक्याची मला आज लाज वाटते, म्हणून ते इथे लिहितो आहे.

समृद्धीला मी नावं ठेवणार नाही. तो उत्तम बांधलेला रस्ता आहे. कारला ताशी १२० ची मुभा, समोरून येणाऱ्या गाडीची भीती नाही, गतिरोधक नाही, दोन्ही बाजूंना कुंपण. दुचाकी नाही, रिक्षा नाही, ट्रॅक्टर नाही, बैलगाडी नाही. गावं लांबून दिसतात, देवळाचा कळस, पाण्याची टाकी, आणि नाव वाचेपर्यंत मागे पडतात. एकदा वैजापूर ओलांडल्यावर भर दुपारी माझी डुलकी लागली होती. क्षणभरच, पण गाडी पांढऱ्या पट्ट्यावर गेली आणि चाकांच्या खरखरीने जाग आली. पुढच्या थांब्यावर तोंड धुतलं, चहा घेतला, घरी कुणाला सांगितलं नाही. तरी माझं मत त्यानेही बदललं नाही.

मत बदललं ते आत्यामुळे.

माझी आत्या पाथरीला दिली होती. ती वडिलांपेक्षा थोरली. माझ्या लहानपणापासून गावाकडे जाणं म्हणजे पाथरीत तिच्याकडे जेवणं. एसटीच्या दिवसांत ती स्टँडवर डबा घेऊन यायची. गाडी दहा मिनिटं थांबायची, तेवढ्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दह्याची बरणी खिडकीतून आत. गाडी घेतल्यावर आम्ही घरीच जाऊ लागलो. मोबाईल आल्यावर तिने एक पद्धत पाडली. सकाळी दहाच्या सुमारास फोन: "नगर सोडलं का रे?" मग म्हणायची, "पाडळसिंगीला आलास की सांग, भाकरी टाकते." पाडळसिंगी ते पाथरी हा तिच्या चुलीचा हिशेब होता. तिथून गाडी निघाली की कालवण व्हायचं, आणि आम्ही दारात उतरलो की भाकरी तव्यावर.

२०२३ च्या दिवाळीलाही तिचा फोन आला. मी म्हणालो, "आत्या, आता तिकडून येत नाही. जालन्यावरून जायलोय. लवकर होतं."

"बरं बाबा," ती म्हणाली. "लवकर पोचायलास ना, झालं मग."

पुढच्या दोन खेपांना तिने पुन्हा विचारलं. मग विचारायचं सोडून दिलं. आणि मला ते जाणवलंसुद्धा नाही, हे मला सगळ्यात जास्त लागतं. फोन येत नाही हे लक्षात यायला तरी थोडं थांबावं लागतं, आणि मी कुठे थांबतच नव्हतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पहाटे आतेभावाचा फोन आला. मी तसाच निघालो, भरवीरला समृद्धीवर चढलो, जालन्याहून परतूर, सेलू करत दुपारच्या आत पाथरीला पोचलो. आत्याच्या मातीला मी वेळेवर होतो. जुन्या रस्त्याने आलो असतो तर नक्कीच पोचलो नसतो, हेही खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. पण पंधरा महिने ती जिवंत होती आणि त्या पंधरा महिन्यांत मी तिच्यापासून काही तासांवरून सात वेळा गेलो. एकदाही वळलो नाही.

कुणी मला बोललं नाही. आतेभाऊ तर नाहीच. तिसऱ्या दिवशी वहिनी स्वयंपाकघरात सहज म्हणाली, "दिवाळीत तुमची वेळ झाली की आत्याबाई दोन भाकरीचं पीठ जास्तीचं काढून ठेवायच्या. म्हणायच्या, एखादे वेळी चुकून इकडून येईल." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती फक्त सांगत होती.

वाचवलेल्या चार तासांचं माझं गणित तिथे संपलं. त्या चारांपैकी एक तास आत्याचा होता. तो मी काढून घेतला आणि घरी लवकर पोचून पलंगावर आडवा पडून मोबाईल बघण्यात घालवला. दुसरं काहीही केलं नाही, हे मी प्रामाणिकपणे आठवून बघितलं आहे.

तेरावं झाल्यावर मी पाथरीहून कल्याणला निघालो तो जुन्या रस्त्याने. एकटाच होतो. ठरवून काही नव्हतं. गाडी सेलूच्या दिशेला वळवायला हात गेला नाही, एवढंच.

ढालेगावला गोदावरी लागते. पुलावरून जाताना वडील नेहमी एक नाणं टाकायचे, आम्हालाही टाकायला लावायचे. मी पूल ओलांडून गाडी कडेला लावली, मागे चालत आलो आणि पाणी बघत उभा राहिलो. पैठणहून येणारं पाणी इथे बंधाऱ्यात अडवलेलं आहे. पुढे माजलगावचं धरण, सिंदफणेवरचं, जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्यातलं. उत्तरेकडे थोडं आत गोदेच्या काठावर राक्षसभुवन, जिथे १० ऑगस्ट १७६३ ला थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेला हरवलं आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. शाळेत ही लढाई मी पाठ केली होती. ती आत्याच्या चुलीच्या वाटेवर झाली हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी नकाशा उघडून बघितला नव्हता.

पाथरीचीच गोष्ट बघा. फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो की अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळ पुरुष मलिक हसन हा पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांच्या घराण्यातला. त्याच्या मुलाने, मलिक अहमदने, १४९० च्या सुमारास नगर शहर वसवलं. पुढे त्याच्या वारसाने, बुऱ्हाण निजामशहाने, बापजाद्यांचं गाव म्हणून पाथरी वऱ्हाडच्या इमादशहाकडे मागितली, बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला, आणि तो देईना म्हणून लढून घेतली. नगर आणि पाथरी या दोन गावांना जोडणारा रस्ता मी तीस वर्षं तुडवला आणि मला त्यातलं फक्त अंतर पाठ होतं. एका सुलतानाला आपल्या पूर्वजांच्या गावाची एवढी ओढ असावी की त्याने त्यासाठी फौज धाडावी, हे वाचलं तेव्हा मला पाथरीतलं आत्याचं बंद दार आठवलं.

पाडळसिंगीनंतर पाथर्डीपर्यंतचा पट्टा फेब्रुवारीत सगळ्यात शांत असतो. शिरूर कासार, पाथर्डी हा ऊसतोडीला जाणाऱ्यांचा मुलूख. दसरा-दिवाळीच्या सुमाराला याच रस्त्याने ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या पश्चिमेकडे जातात. त्यात बायका, पोरं, कोंबड्या, शेळी, ज्वारीची पोती, तवा, पाट्यासकट अख्खा संसार. फेब्रुवारीत ती माणसं अजून कारखान्यांवर असतात. गावात कुलूप लावलेली घरं, ओसरीवर म्हातारी, तिच्या आसऱ्याला ठेवलेली नातवंडं. मी चहाला थांबलो तिथे एका आजीने विचारलं, "कारखान्याकडून आलाव का?" तिचे लेक-सून कोपीवर, ऊसतोडीच्या झोपडीत, होते आणि त्या बाजूने येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच विचारत असावी. मी पाथरीहून येतोय म्हणालो, तर म्हणाली, "मग उलटंच आलाव."

ही माणसं मला समृद्धीवर दिसली नसती, कारण त्यांच्या ट्रॅक्टरला तिथे परवानगीच नाही. ती सुरक्षेसाठी नाकारली आहे, हे मला मान्य आहे. पण माझ्याच मराठवाड्याचं सगळ्यात मोठं वार्षिक स्थलांतर माझ्या नजरेआड गेलं आणि माझ्या लक्षातही आलं नाही, याची नोंद मला कुठेतरी ठेवायची होती.

करंजी घाट चढून नगर जवळ आलं की डोंगरावर तीन मजली अष्टकोनी दगडी इमारत दिसते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. खरं तर ती सलाबतखानाची कबर, निजामशाहीच्या एका मंत्र्याची. लहानपणी एसटीच्या खिडकीतून ती दिसली की आम्ही भावंडं ओरडायचो, कारण नगरला अर्धा तास गाडी थांबणार असायची. या वेळी पहिल्यांदा वर गेलो. खाली नगर शहर पसरलेलं, त्यातच तो भुईकोट किल्ला, जिथे १९४२ पासून नेहरू, पटेल, आझाद कैदेत होते. पुढे टाकळी ढोकेश्वरला टेकडीत खोदलेलं लेणं आहे, आत सप्तमातृका. त्याच्या पायथ्याजवळून मी शेकडो वेळा गेलो असेन.

आणि शेवटी माळशेज उतरला की वैशाखऱ्यापाशी डाव्या हाताला वर नाणेघाटाचा कडा, नानाचा अंगठा. दोन हजार वर्षांपूर्वी पैठणचा माल जुन्नरवरून या घाटाने उतरून कल्याण आणि सोपाऱ्याला जायचा. घाटाच्या तोंडाशी गुहेत सातवाहनांच्या राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, यज्ञांचा आणि दान दिलेल्या गाई, घोडे, नाण्यांचा. बाहेर दगडी रांजण, जकातीचा म्हणून सांगतात. गोदावरीकाठचा माणूस पोटासाठी कल्याणला उतरतो, हे माझ्यापासून सुरू झालं नाही. आमचा महामार्ग तंतोतंत त्या वाटेवरून जात नाही, पण टोकं तीच. त्या दिवशी कल्याणला पोचायला मला पंधरा तास लागले. मी ते कुठे लिहून ठेवले नाहीत.

हा रस्ता गोड करून सांगण्याचा माझा हेतू नाही. कित्येक ठिकाणी तो दोनपदरी आहे. रात्री दिव्याविना चाललेली उसाची ट्रॉली समोर आली की काळजाचं पाणी होतं. म्हणून अंधार पडल्यावर मी त्यावर गाडी घालत नाही. पावसाळ्यात माळशेजला दरड येते. बायकोला मानेचा त्रास आहे, तिला खड्डे सोसत नाहीत, आणि तिने हट्टाने माझ्याबरोबर यावं असं मी म्हणत नाही. अमेरिकेत ब्लू रिज पार्कवे नावाचा ७५५ किलोमीटरचा रस्ता आहे. १९३५ साली काम सुरू होऊन १९८७ ला पुरा झाला. सावकाश जाण्यासाठीच तो सरकारने बांधला, ट्रकला बंदी, वेगमर्यादा ताशी ७२ किलोमीटरच्या आसपास. आपल्या जुन्या रस्त्यांना असा कुणी वाली नाही. त्यांच्यावर ट्रकही आहेत, ऊसही, वरातही, आणि शाळेतून सुटलेली पोरंही. नवा रस्ता झाला की जुन्याच्या दुरुस्तीकडे बघायला कुणाला सवड होत नाही, अशी मला मनापासून भीती आहे.

५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि समृद्धी ७०१ किलोमीटर पुरा झाला. ऑगस्टमध्ये आईला नांदेडला दवाखान्यात दाखल केलं. त्या रात्री मी आमण्याला चढलो, कसाऱ्याजवळचा तो आठ किलोमीटरचा बोगदा ओलांडला आणि उजाडायच्या आत जालना गाठलं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तसाच जाईन. आई आता बरी आहे.

आईला घरी आणल्यावर मी त्या हळदवाल्या मित्राकडे गेलो. बोललेलं परत घेतो म्हणालो. त्याने बैठकीत सतरंजी टाकली, चहा सांगितला आणि म्हणाला, "तू म्हणला त्याचं काही नाही. तू ते गाडीत बसून म्हणलास, त्याचं वाईट वाटलं." मला ते आठवत नव्हतं. त्या दिवशी मी काच खाली करून, गाडी सुरूच ठेवून त्याच्याशी बोललो होतो.

या दिवाळीला लेक बरोबर होती. पहाटे चारला कल्याण सोडलं. माळशेजमध्ये धुकं होतं, आळेफाट्याला मिसळ खाल्ली, नगरच्या पुढे तिला डोंगरावरची कबर दाखवली. ढालेगावच्या पुलासाठी तिने आधीच आजोबांसारखं एक नाणं मुठीत धरून ठेवलं होतं. त्याआधी, पाथर्डी मागे पडल्यावर, फोन वाजला. पाथरीचा नंबर. वहिनी होती.

"भावजी, पाडळसिंगी आली का?"

"येतेय पाच मिनिटांत."

"बरं," ती म्हणाली, "टाकते मग."